कॅराव्हॅनचं तेज कुठे जातं?

ईस्टरची सुट्टी जवळ आली की इंग्लंडात घरांपुढे उभ्या असलेल्या कॅराव्हॅनभोवती बादल्या, शिड्या आणि पाण्याच्या नळ्या दिसू लागतात. मोटारीला जोडून ओढायची ही चाकांवरची खोली वर्षातले मोजके आठवडे रस्त्यावर असते. बाकीचा सगळा काळ ती एका जागी उभी राहून ऊन, पाऊस आणि शेजारच्या झाडाचा चीक सोसते. मालक तिच्या भिंतीवरून हात फिरवतो आणि तळहात पांढरा होतो. धूळ असेल म्हणून तो भिंत धुतो, वाळू देतो, पुन्हा हात फिरवतो. तळहात पुन्हा पांढरा. ही धूळ नव्हे. कॅराव्हॅनची कातडीच भुकटी होऊन सुटत असते.

ती कातडी कशी तयार होते हे कळलं तर पुढची निम्मी चूक टळते. पुष्कळ मोटरहोम आणि कॅराव्हॅनचे बाह्यभाग काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘फायबर’ म्हणतो त्याचे असतात. वळणदार भाग घडवताना काम उलट्या क्रमाने चालतं. आधी घासून-पुसून लख्ख केलेला साचा, त्यावर मेण, मग रंग मिसळलेल्या रेझिनचा फवारा आणि शेवटी मागून तंतूंच्या चटया व आणखी रेझिन. सगळं घट्ट झालं की साच्यातून सोडवायचं. सर्वांत आधी फवारलेला थर आता सर्वांत बाहेर आलेला असतो. तोच जेलकोट. म्हणजे नव्या गाडीची चकाकी कुणी वरून चढवलेली नसते, साच्याचा गुळगुळीतपणा जेलकोटवर जसाच्या तसा उतरलेला असतो. हा थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि तो एकदाच मिळतो.

जुन्या काळी असं नव्हतं. हौसेखातर भटकण्यासाठी बांधलेली पहिली प्रसिद्ध कॅराव्हॅन म्हणजे डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांची ‘वाँडरर’. १८८५ साली ब्रिस्टलमधल्या वॅगन कारखान्यात ती महोगनी आणि मेपलच्या लाकडात तयार झाली आणि घोडे ती ओढत. लाकडावरचं वॉर्निश उतरलं तर खरवडून नवं मारता येतं, हवं तितक्या वेळा. जेलकोटच्या बाबतीत दर घासणीला शिल्लक कमी होत जाते.

मुळात चकाकी जाते कशी? उन्हातले अतिनील किरण रेझिनच्या लांबलचक रेणुसाखळ्या तोडतात, आणि हवेतला ऑक्सिजन त्या तुटण्याला हातभार लावतो. पृष्ठभागावरचं रेझिन झिजलं की त्यात रुतून बसलेले रंगाचे कण उघडे पडतात. पांढऱ्या गाडीत हे कण बहुधा टायटॅनियम डायऑक्साइडचे असतात, आणि तळहाताला लागते ती पूड त्यांचीच. कण सुटून गेले की मागे सूक्ष्म खड्डे उरतात. सपाट पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परततो, खडबडीत पृष्ठभागावर तो चहूकडे विखुरतो. डोळ्यांना तो भाग निस्तेज दिसतो, एवढंच.

याची परीक्षा फुकटात होते. निस्तेज भागावर पाणी मारायचं. पाणी खड्ड्यांत भरून पृष्ठभाग तेवढ्यापुरता सपाट होतो आणि रंग एकदम गडद, ताजा दिसू लागतो. वाळला की पुन्हा फिकट. ओल्या अवस्थेत जी चमक दिसली, तितकी परत मिळण्याची आशा ठेवायला हरकत नाही. ओलं करूनही डाग, चिरा किंवा खालचे तंतू दिसत असतील, तर पॉलिशचा उपयोग नाही. तिथे रंगकामच करावं लागेल. ‘एका पुसण्यात नव्यासारखी’ असं छापलेल्या बाटल्यांतली बरीच रसायनं हेच पाण्याचं काम जरा जास्त दिवस करतात. त्यांतलं तेल खड्ड्यांत बसतं, दोन-चार पावसांत धुऊन जातं, आणि पैसे गेले ते गेलेच.

जुनं स्टिकर काढलं की ही झीज आकड्यांशिवाय समजते. कॅराव्हॅनच्या कडेला कंपनीच्या नावाची, रंगीत पट्ट्यांची रेलचेल असते. पंधरा वर्षांचा पट्टा गरम हवेने सैल करून सोलला की त्याखाली तोच पट्टा पुन्हा दिसतो, पण गाडीच्या मूळ रंगात, तुकतुकीत. आजूबाजूची भिंत पिवळट आणि रखरखीत. बोट फिरवलं तर कडेला किंचित उंचवटाही जाणवू शकतो. नाव काढून टाकलं तरी ते वाचता येतं! म्हणूनच सगळी भिंत एकसारखी करायची असेल, तर आधी पट्टे काढायचे की ठेवायचे हे ठरवणं भाग असतं.

पहिलं काम धुण्याचं, आणि तिथेच घाई होते. भांडी घासायचा साबण टाळावा, तो मेणाचा उरलासुरला थर घेऊन जातो. शाम्पू खालून वर लावत न्यायचा. वरून लावला तर कोरड्या मळावरून ओघळतो आणि त्याच्या रेषा राहतात. पाणी मात्र वरून खाली सोडायचं. खिडक्यांच्या आणि छताच्या कडांखाली ज्या काळ्या रेघा दिसतात, त्या छतावरच्या मळाच्या आणि सांध्यांतल्या सीलंटमधून झिरपणाऱ्या चिकट द्रव्याच्या. छत साफ न करता त्या भिंतीवरून पुसणाऱ्याला पुढच्या पावसात त्या परत भेटतात. प्रेशर वॉशर सांध्यांपासून दूर ठेवलेला बरा. जुन्या ब्रिटिश कॅराव्हॅनच्या भिंतींत लाकडी सांगाडा असतो. सांध्यातून पाणी आत शिरलं की तो आतल्या आत कुजतो, आणि ब्रिटनमध्ये जुनी कॅराव्हॅन घेणारा माणूस चकाकीच्या आधी ओल मोजायचं यंत्र लावून बघतो. त्यात शहाणपण आहे.

आता प्रत्यक्ष घासणी. जाणता माणूस अख्ख्या भिंतीला हात घालत नाही. तो सावलीत, भिंत हाताला गार लागत असताना, एक फूट चौरस तुकडा मास्किंग टेपने आखून घेतो. आधी सौम्यातलं सौम्य पॉलिश, स्पंजच्या पॅडने. भागलं नाही तर रबिंग कंपाउंड. त्यातले धारदार कण बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे असतात आणि ते खड्ड्यांच्या भोवतीचे उंचवटे कापून पृष्ठभाग खड्ड्यांच्या तळापर्यंत उतरवतात. वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके, मशीन कमी वेगात, आधी आडवे फेरे, मग उभे, प्रत्येक फेरा आधीच्यावर निम्मा चढलेला. पॅड मळकट पांढरं होतं, मधूनमधून ब्रशने साफ करावं लागतं. मग मऊ मायक्रोफायबरने पुसून तिरक्या प्रकाशात बघायचं. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कडेला फाटलेलं दिसलं तर अजून एक हात. तेवढ्यानेही नाही जमलं तरच वॉटर पेपर: १००० नंबरचा, मग १५००, मग २०००, भरपूर पाण्यासह, आणि शेवटी पुन्हा कंपाउंड व पॉलिश. कडा आणि कोपऱ्यांवर हे करू नये. तिथे थर आधीच पातळ असतो आणि फिरत्या पॅडची उष्णता नेमकी तिथेच साचते.

हा झाला जेलकोटचा हिशेब. पण प्रत्येक कॅराव्हॅन फायबरची नसते, आणि खरा घोळ इथे होतो. अनेकींच्या बाजूच्या भिंती रंगवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या असतात. त्यावरचा रंग जेलकोटपेक्षा कितीतरी पातळ, तिथे वॉटर पेपर चालवला की थोड्याच वेळात पत्रा डोकावतो. पुढचे-मागचे भाग पुष्कळदा एबीएस प्लास्टिकचे असतात, त्यांना थिनर सोसत नाही. खिडक्या काचेच्या नसून अ‍ॅक्रिलिकच्या असतात. कंपाउंडचा फडका चुकून त्यांवर फिरला की ओरखडे, आणि स्पिरिट लागलं तर आतून बारीक तडे.

बिनरंगाच्या पत्र्याची गोष्ट आणखी वेगळी. अमेरिकेतली एअरस्ट्रीम ही चंदेरी कॅराव्हॅन सिनेमांतून बहुतेकांनी पाहिलेली असते. तिचं घराणं विमानांचं. ग्लायडर बांधणाऱ्या हॉली बोलस यांनी चार्ल्स लिंडबर्गच्या ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ या विमानाच्या बांधणीवर देखरेख केली होती. त्यांनी १९३४ मध्ये रिव्हेट ठोकलेली अ‍ॅल्युमिनियमची ‘रोड चीफ’ बनवली, आणि त्याच वळणावर वॉली बायम यांची एअरस्ट्रीम ‘क्लिपर’ १९३६ मध्ये आली. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या तिघा अंतराळवीरांना ज्या बंद डब्यात वेगळं ठेवलं होतं, तोही एअरस्ट्रीमपासूनच तयार केलेला होता. डब्याच्या खिडकीतून त्यांच्याशी बोलणाऱ्या राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा फोटो प्रसिद्ध आहे.

जुन्या एअरस्ट्रीमच्या पत्र्याचा गाभा मिश्रधातूचा असतो आणि त्यावर दोन्ही अंगांनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर. गाभा मजबूत पण गंजणारा, वरचा थर मऊ पण गंजाला दाद न देणारा. पातळ पत्र्यात हा थर दर बाजूला जाडीच्या सुमारे ५ टक्के इतकाच. चिंचेने घासलेल्या पितळी तांब्यासारखा झळझळीत पत्रा बघायला सुरेख वाटतो, पण त्या नादात शुद्ध थर संपला की खालचा गाभा उघडा पडतो. पॉलिश लावून घासताच फडका काळाकुट्ट होतो, हा काळा रंग निघून आलेल्या धातूचा. नंतरच्या गाड्यांवर कारखान्यातच पारदर्शक लेप येऊ लागला. तो जुना झाला की पिवळा पडून पापुद्रे सुटतात आणि आधी तो सगळा उतरवावा लागतो. अशी एक गाडी आरसा होईपर्यंत मालकाचे अनेक शनिवार-रविवार जातात.

मशीन थांबलं की पृष्ठभाग सपाट असतो, पण उघडा. त्यावर काही चढवलं नाही तर ऊन लगेच नव्याने काम सुरू करतं. ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा मेण हा जुना, सोपा उपाय, मात्र ते फार तर काही महिने टिकतं. पॉलिमर सीलंट जरा जास्त, सिरॅमिक लेप त्याहून जास्त आणि महाग. अमेरिकेतल्या काही मोटरहोमवाल्यांनी भलताच शॉर्टकट शोधला. दुकानांच्या फरश्यांना लावायचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पॉलिश ते गाडीवर चार-पाच हात मारतात. गाडी खरोखर झळकते. काही काळाने लेप पिवळा पडू लागला की फरशीचं पॉलिश उतरवायचं रसायन आणून तो काढावा लागतो. धीर असलेल्याने करावं.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. इथे ऊनच वेगळं आहे. लंडनमध्ये ऐन जूनच्या दुपारीही सूर्य ६२ अंशांवर चढत नाही, तर मुंबईत तो वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. जुलैतली खेप ढगांनी झाकलेली असते, मे महिन्यातली मात्र नाही. त्यामुळे तिकडे दक्षिणेकडची भिंत बघावी लागते, इथे आधी छत, जे खालून कुणाला दिसत नाही. मेण किंवा सीलंटचा एक हात उन्हाळ्याआधी आणि एक पावसाळ्यानंतर छतावर बसला तर भिंती थोड्या वाट बघू शकतात. कोकणातून परतल्यावर खारं पाणी सुकायच्या आत गोड्या पाण्याने धुणं हे किनाऱ्यावरच्या फायबरच्या होड्यांइतकंच या गाड्यांनाही लागू आहे. उभी करायला पत्र्याची शेड मिळाली तर उत्तम. ताडपत्री घालायचीच असेल तर गाडी आधी स्वच्छ धुऊन, दोऱ्या घट्ट आवळून घालावी. नाहीतर वाऱ्यावर फडफडणारं कापड आतल्या धुळीसकट भिंत घासत बसतं आणि त्या घासण्याला कुणी मशीनसारखं थांबवत नाही.