पावतीतला हरवलेला 'व्ही'

आम्ही नवीन जालन्याच्या बायका, आकड्यांना काय घाबरणार! इथं सळईवर 'एफई ५००' लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे ताकद. चौरस मिलिमीटरला निदान ५०० न्यूटन ताण येईपर्यंत सळई कायमची लांबत नाही. बियाण्याचं वेगळं. २००२ मध्ये इथल्याच महिकोच्या मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या बीटी कपाशीला परवानगी मिळाली. तेव्हा १८४ म्हणजे १२ पेक्षा पंधरापट चांगलं, असं कुणी समजलं नाही. ती नुसती ओळख.

संगणकाच्या आकड्यात मात्र मी फसले.

आमच्या महिला पतसंस्थेसाठी जुना सर्व्हर घेतला. सर्व्हर म्हणजे कार्यालयातल्या सगळ्या संगणकांचा हिशेब एका जागी सांभाळणारा संगणक, आणि प्रोसेसर हा त्याचा मेंदू. विक्रेत्यानं तोंडी सांगितलं, 'झिऑन ई-५ २६२० व्ही-४'. पावतीवर लिहिलं नुसतं '२६२०'. सचिव म्हणून सही माझी. पैसे मात्र धुणीभांडी करणाऱ्यांपासून शिक्षिकांपर्यंत सगळ्यांचे, चाळीस हजार.

महिन्याभरानं भाच्यानं जास्तीची मेमरी आणली, ती खाचेत बसेचना.

"मावशी, ही डीडीआर-४ आहे. तुमच्या सर्व्हरला डीडीआर-३ लागते. हा व्ही-४ नाहीच!"

मग त्यानं नंबर फोडून दाखवला. २६२० मधला पहिला २ म्हणजे एका सर्व्हरमध्ये असे जास्तीत जास्त दोन प्रोसेसर चालतात. ६ म्हणजे तो कुठल्या जातीच्या खोबणीत बसतो. २० म्हणजे भावंडांत त्याचा मान कितवा. आणि शेपटीचा 'व्ही' म्हणजे पिढी! इंटेलचा २६२० चारदा जन्मला: २०१२ मध्ये नुसता, २०१३ मध्ये व्ही-२, २०१४ मध्ये व्ही-३, २०१६ मध्ये व्ही-४. पहिल्याला सहा कोअर, चौथ्याला आठ. आजोबांचं नाव नातवाला ठेवावं तसं.

२०१७ मध्ये इंटेलनं ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी नावं काढली (सराफाचं दुकानच जणू!). तिथं ४२१४ मधला ४ म्हणजे सिल्व्हर, २ म्हणजे दुसरी पिढी. एएमडीच्या एपिकमध्ये पिढी शेवटच्या आकड्यात. म्हणून ७३०२ हा ७४०१ पेक्षा लहान दिसला तरी नवा.

पावती घेऊन दुकानात गेले. "ताई, २६२० लिहिलंय, २६२०च दिलाय की!" खोटं तरी कसं म्हणू?

सभेत सगळं सांगून टाकलं. माझी मान खाली. एक शेतकरी सभासद म्हणाल्या, "बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबरसुद्धा आम्ही पावतीवर लिहून घेतो बाई. तुम्ही तर शिकलेल्या."

फरकाचे पैसे काही मिळाले नाहीत. डीडीआर-३ शोधून बसवली, काम चाललंय. परवा दुसरा सर्व्हर घेताना मी आधी तो सुरू करायला लावला आणि पडद्यावर सिस्टिमची माहिती उघडली. आमच्या जुन्यावर तिथं '२६२०' पुढं नुसतं शून्य येतं. इतके दिवस समोर होतं, कुणी पाहिलंच नव्हतं. यावर स्वच्छ 'व्ही-४' होतं. पावतीवर ते मी माझ्याच हातानं लिहिलं आणि दुकानदाराची सही खाली घेतली.