एक ठुमरी, अनेक ध्वनिमुद्रिका

अवधचा अखेरचा बादशहा वाजिद अली शाह २१ सप्टेंबर १८८७ रोजी कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्ज येथे मरण पावला. एडिसनने ध्वनिलेखनाचे यंत्र शोधून काढल्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती. परंतु हिंदुस्थानात तबकड्यांसाठी गाणी मुद्रित होऊ लागली ती नोव्हेंबर १९०२ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. ज्या भैरवी ठुमरीशी परंपरेने त्याचे नाव कायमचे जोडले आहे, ती ‘बाबुल मोरा’ त्याच्या काळात कशी गायिली जात असे, हे त्यामुळे आज कोणालाच ऐकता येत नाही. ऐकता येतात त्या पुढच्या काळातील निरनिराळ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका. त्या एकीशेजारी एक ठेवून ऐकल्या असता नेमके काय हाती लागते, आणि ज्या रचनेचे मूळ रूप उपलब्ध नाही तिच्या आविष्कारांची तुलना कोणत्या कसोटीवर करावयाची, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे.

युरोपात अशा तुलनेची परंपरा चांगलीच रुजलेली आहे. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचेच उदाहरण घ्यावे. तिचा पहिला प्रयोग व्हिएन्ना येथे २२ डिसेंबर १८०८ रोजी झाला. वृंदातील प्रत्येक वाद्याने कोणता स्वर केव्हा आणि किती वेळ वाजवावयाचा, हे बेथोव्हनने कागदावर लिहून ठेवलेले आहे. एवढेच नव्हे, तर लय मोजणारे मेट्रोनोम हे यंत्र प्रचारात आल्यावर त्याने १८१७ साली आपल्या सिंफनींच्या लयीचे आकडेही प्रसिद्ध केले. पाचवीच्या पहिल्या भागासाठी त्याने दिलेला आकडा मिनिटाला १०८ ठोक्यांचा आहे. १९१३ साली आर्थर निकिश यांनी बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून ही सिंफनी ध्वनिमुद्रित करविली. पुढे तोस्कानिनी यांनी ती ताठ आणि वेगवान लयीत सादर केली, तर फुर्टवेंगलर यांनी लय भावानुसार कधी आवळली, कधी सैल सोडली. दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. पण तुलना करणाऱ्याच्या हाती छापील स्वरलेखन असते. मूळ दस्तऐवज दप्तरात असला म्हणजे नकलेची रुजुवात घालता येते, तसाच हा प्रकार होय.

ठुमरीच्या बाबतीत हे दप्तरच नाही. तिच्यात शब्द थोडे, एक राग आणि चालीचा एक ढोबळ आराखडा, एवढेच गायकाच्या स्वाधीन केलेले असते. एकेक शब्द पुन्हा पुन्हा घेऊन, दर वेळी त्याला नवी स्वराकृती देऊन त्यातून नवा अर्थ काढावयाचा, यालाच ‘बोल बनविणे’ म्हणतात. आणि ठुमरीचा प्राण तोच आहे. रचनाकाराने मोकळी सोडलेली जागा भरणे, हा येथे गायकाचा अपराध नसून त्याचे कर्तव्य ठरते. सिंफनीला लावावयाचे माप जसेच्या तसे ठुमरीला लावू पाहणारा म्हणूनच फसतो.

आपल्या संगीताला लेखी आधार असावा, अशी तळमळ बाळगणारा एक मराठी माणूस याच लखनौ शहराशी कायमचा निगडित झाला, हा मोठा योगायोग होय. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म मुंबईचा, १८६० सालचा, व्यवसाय वकिलीचा. घराण्याघराण्यांतून मुखोद्गत राहिलेल्या चिजा त्यांनी देशभर हिंडून मिळविल्या आणि स्वरलेखनासह ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत संगृहीत केल्या. सूर कोमल असेल तर अक्षराखाली आडवी रेघ, मध्यम तीव्र असेल तर डोक्यावर उभी रेघ, सप्तक दाखविण्यासाठी वर अथवा खाली बिंदू, आणि ओळीखाली समेची व खालीची चिन्हे, अशी त्यांची सुटसुटीत पद्धती होती. १९२४ व १९२५ साली लखनौस भरलेल्या संगीत परिषदांनंतर १९२६ मध्ये तेथे मॅरिस कॉलेज सुरू झाले. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याचे प्राचार्यपद जवळजवळ तीन दशके सांभाळले. १९६६ मध्ये या संस्थेला भातखंड्यांचे नाव मिळाले. पुढे ती ज्या वास्तूत नांदू लागली, ती कैसरबागेतील परीखान्याची वास्तू वाजिद अली शाहच्याच नृत्यगायनाच्या षोकाची साक्षीदार आहे. जेथे बादशहाच्या पदरच्या गायिका आणि नर्तकी तालीम घेत, तेथे पुढे विद्यार्थी पुस्तक समोर ठेवून स्वरलेखन वाचू लागले.

परंतु भातखंडे यांच्या संग्रहात भर मुख्यतः ध्रुपद, धमार आणि ख्याल यांवर आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. ख्यालाच्या बंदिशीचा मुखडा, स्थायी आणि अंतरा यांना काही एक निश्चित घडण असते; तिचा सांगाडा कागदावर उतरतो. ठुमरीचा सांगाडा उतरवून घेतला, तरी तिचे रक्तमांस बाहेरच राहते. ‘बाबुल मोरा’साठी म्हणूनच तुलनेच्या निराळ्या कसोट्या लावाव्या लागतात. शब्द, स्वर, अवधी आणि प्रसंग अशा त्या चार कसोट्या होत.

प्रथम शब्द. सासरी निघालेली मुलगी बापाला उद्देशून बोलते आहे, माहेर सुटते आहे, हा या ठुमरीचा वाच्यार्थ. जात्यावरच्या ओव्यांतून माहेराची ओढ ऐकलेल्या मराठी मनाला तो समजावून सांगण्याची गरज नाही. त्याखाली दुसरा अर्थ आहे: फेब्रुवारी १८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले आणि पुढच्याच महिन्यात बादशहाने लखनौ सोडले, हे माहेर म्हणजे लखनौ. आणि तिसरा अर्थ त्याहून खोल आहे: डोलीचे चार कहार म्हणजे तिरडीचे चार खांदेकरी, आणि सुटणारे घर म्हणजे हा देह. आता गंमत अशी की, हे चार कहार डोली सजवितात, असा पाठ काही गायक घेतात, तर ते डोली उचलतात, असा पाठ दुसरे काही घेतात. क्रियापद एकच बदलते. परंतु सजविण्यात लग्नघर अधिक दिसते आणि उचलण्यात अखेरची यात्रा. ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवल्यावाचून हा पाठभेद आणि त्याचा परिणाम सहसा लक्षात येत नाही.

दुसरी कसोटी स्वरांची. भैरवीत रिषभ, गांधार, धैवत आणि निषाद हे चारही स्वर कोमल. परंतु ठुमरी गाणारे तिच्यात शुद्ध स्वरांचाही कौशल्याने शिरकाव करतात. कुंदनलाल सैगल यांनी ‘स्ट्रीट सिंगर’ या १९३८ च्या चित्रपटात गायिलेली ‘बाबुल मोरा’ ऐकावी. तानबाजी नाही, बोल फार फिरविलेले नाहीत. शब्द बोलल्यासारखा येतो आणि सुरावर विसावतो. त्यानंतर गिरिजादेवी यांचे गायन ऐकावे. बनारसच्या परंपरेत वाढलेल्या या गायिकेने १९४९ साली अलाहाबाद आकाशवाणीवरून गायनास आरंभ केला. सैगल जो शब्द एकदा उच्चारून पुढे जातात, त्या शब्दापाशी त्या थांबतात, त्याला विनवणीचा, तक्रारीचा, निराशेचा सूर देतात. भीमसेन जोशी यांनीही ही ठुमरी गायिली आहे. किराणा घराण्याच्या या गायकाने तरुणपणी काही काळ लखनौच्या आकाशवाणी केंद्रावर काम केले होते. पण त्यांच्या गायनात लखनवी नखऱ्यापेक्षा स्वराचा लगाव आणि दमसास हेच पुढे येतात. शब्द स्वरात विरघळून जातो. एकाने शब्दाला, दुसरीने भावाला आणि तिसऱ्याने स्वराला अग्रमान दिला, असे स्थूलमानाने म्हणता येईल. तिघांचेही गाणे भैरवीच आहे, आणि तिन्ही भैरवी निराळ्या आहेत.

तिसरी कसोटी अवधीची. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. गायकाला काय ठेवावे आणि काय सोडावे, हे आधीच ठरवावे लागे. १९४८ नंतर दीर्घ मुद्रिका आल्या आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले. म्हणून एखाद्या जुन्या तबकडीत बोलांचा विस्तार नाही, एवढ्यावरून त्या गायकाला तो येत नव्हता, असे अनुमान काढणे अन्यायाचे होईल. यंत्राची मर्यादा कोणती आणि कलावंताची निवड कोणती, हे आधी वेगळे करावे. मगच तुलना करावी.

चौथी कसोटी प्रसंगाची. मैफलीत भैरवी बहुधा शेवटी येते. तिच्याबरोबर मैफलही संपते, आणि निरोपाच्या या ठुमरीला श्रोत्यांचा निरोप आपोआप येऊन मिळतो. चित्रपटात तिचे स्थान कथानकाने ठरते. न्यू थिएटर्स या कलकत्त्याच्या संस्थेने १९३५ सालीच पार्श्वगायनाचा पायंडा पाडला होता. तरीही फणी मजुमदार यांच्या दिग्दर्शनाखालील ‘स्ट्रीट सिंगर’मध्ये सैगल यांनी हे गाणे आधी मुद्रित करून न ठेवता, चालता चालता, कॅमेऱ्यासमोरच गायिले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. बादशहाची ठुमरी तेथे रस्त्यावरच्या गायकाच्या तोंडी आली. पुढे १९७४ च्या ‘आविष्कार’ चित्रपटात जगजीत सिंग आणि चित्रा सिंग यांच्या आवाजांत ती ऐकू आली. प्रेमविवाहानंतर एकमेकांस दुरावलेल्या पतिपत्नीची ती कथा आहे. तेथे माहेर सुटल्याचे दुःख आहेच. पण ज्याच्यासाठी ते सोडले, तेही हातचे निसटत असल्याचे दुःख त्यात मिसळते. रचना तीच, प्रसंगाने तिला चौथा अर्थ दिला.

या चारही कसोट्यांतून एक निष्कर्ष निघतो. सिंफनीची तुलना करणारा प्रत्येक ध्वनिमुद्रिका मूळ कागदाशी ताडून पाहतो. ठुमरीत ताडून पाहण्यासाठी दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेवाचून काहीच नसते. सर्व गायकांत जे समान राहते, त्याला रचना म्हणावे आणि जे बदलते, ते गायकाचे मानावे. म्हणजे येथे तुलना हे गुणवारी लावण्याचे साधन नव्हे, तर हरवलेले मूळ अंशतः परत मिळविण्याचे साधन आहे. एकच ध्वनिमुद्रिका उरली असती, तर वाजिद अली शाहचे किती आणि गायकाचे किती, हे सांगण्याचा मार्गच उरला नसता.

आणि धोकाही येथेच आहे. एखादी ध्वनिमुद्रिका इतकी लोकप्रिय होते, की तीच मूळ मानली जाऊ लागते. पुष्कळांच्या मनात ‘बाबुल मोरा’ म्हणजे सैगल आणि सैगल म्हणजेच ‘बाबुल मोरा’ असे समीकरण बसले आहे. त्यापासून दूर जाणारा गायक त्यांना चुकतो आहे, असे वाटते. वस्तुतः सैगल यांचे गायन हा त्या रचनेचा एक अत्यंत हृद्य आविष्कार आहे. तो तिचा कायदा नव्हे. एकाच तबकडीची पुनरावृत्ती होऊ लागली, तर जी मोकळी जागा रचनाकाराने मुद्दाम ठेवली, तीच बुजून जाईल. स्मृतीला जपण्यासाठी आलेले यंत्र मग नवनिर्मितीच्या आड उभे राहील.

‘स्ट्रीट सिंगर’ ज्या वर्षी पडद्यावर आला, त्याच वर्षी, २ एप्रिल १९३८ रोजी, लखनौ येथे नभोवाणी केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांच्या संग्रहांतून, जुन्या तबकड्यांतून आणि खाजगी संचांतून एकाच चिजेचे अनेक आविष्कार साठत आले आहेत. त्यांतील अप्रसिद्ध गायकाची एखादी खरखरणारी फीतही जपून ठेवावयास हवी; कारण कोणत्या आविष्कारात मूळ रचनेचा कोणता कण टिकून राहिला असेल, हे आधी सांगता येत नाही. श्रोत्यानेही दोन ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकताना ‘यातली श्रेष्ठ कोणती’ असे विचारण्याची घाई करू नये. ‘दोहोंत तेच काय, आणि वेगळे काय’ असे आधी विचारावे. त्या उत्तरात लखनौ सोडून गेलेल्या बादशहाचा, आणि त्याची ठुमरी आपली मानणाऱ्या प्रत्येक गायकाचा, वाटा वेगवेगळा ऐकू येऊ लागतो.