जुना संगणक चालू आहे, पण राखण उठली आहे



मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक आज आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहे. त्यावर सातबारा काढतात, बँकेचे व्यवहारही करतात. अशा पुष्कळ संगणकांवर 'विंडोज १०' ही प्रणाली असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती २०१५ साली आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिची नेहमीची देखभाल थांबवली. "मग आता संगणक भंगारात घालायचा का?" असे कोणीही विचारेल. तसं काही नाही.

देखभाल म्हणजे काय, ते आधी पाहू. प्रणालीत बारीक चुका सापडत राहतात आणि चोर त्यातून आत शिरतात. कंपनी दरमहा दुरुस्ती पाठवून या वाटा बंद करते. बांधाला खेकड्यांनी पाडलेली बिळं आपण बुजवतो, तसंच हे. बुजवणं थांबलं म्हणून बांध त्याच दिवशी फुटत नाही. पण पाणी कधीतरी वाट काढतंच.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने अनेक देशांतले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ती न बसवलेले संगणक सापडले. 'विंडोज एक्सपी'ची देखभाल तर २०१४ मध्येच थांबली होती. तिला सर्वांसाठी दुरुस्ती मिळाली ती हल्ल्यानंतर!

तेव्हा पुढीलप्रमाणे करावे :

१) प्रथम फोटो व कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

२) 'विंडोज ११' बसते का ते पाहावे. बसत असल्यास ती मोफत मिळते. मात्र तिला 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१७ पूर्वीचे संगणक यात बसत नाहीत.

३) बसत नसल्यास 'लिनक्स मिंट'सारखी मोफत प्रणाली जाणकाराकडून घालून घ्यावी. पत्रलेखन, हिशेब, इंटरनेट ही कामे तिच्यावर होतात.

४) हेही जमत नसेल तर इंटरनेट तोडून फक्त हिशेब व टंकलेखनासाठी संगणक वापरावा.

५) मोडीतच काढायचा झाल्यास आतली हार्ड डिस्क काढून घ्यावी व संगणक अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावा. उकिरड्यावर टाकू नये; त्यात शिशासारखे विषारी धातू असतात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. उसाचे बिल ज्या खात्यात जमा होते, त्या खात्याचा व्यवहार राखण नसलेल्या संगणकावर करू नका. वर्षभराच्या घामाचा पैसा आहे तो.