हिशेबाची डिस्क: कोठे लावणार ते आधी ठरवा

बारामती-इंदापूरच्या बाजारात रोजमेळ आणि उधारीची खतावणी आता कॉम्प्युटरवर आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. आमचे जुने मशीन विंडोज ११ घेईना, म्हणून आम्ही त्यावर लिनक्स बसविले. लिनक्स आपल्याकडे नवखे नाही. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली २००७ सालीच आणली होती.

अडचण आली ती हिशेबाच्या दुसऱ्या प्रतीची. वर्षभराची बिले आणि पावत्यांचे फोटो एका फाइलमध्ये बांधून आम्ही जुन्या बाहेरच्या डिस्कवर चढवू लागलो, तर काम मध्येच अडले. डिस्क भरली असे समजून नवी आणायला निघालो. पाहतो तो अर्धी डिस्क रिकामी! दोष फाइल सिस्टीमचा होता. त्या दिवशी मशीन बंद पडले असते, तर उधारीचा एक आकडाही हाती राहिला नसता.

फाइल सिस्टीम म्हणजे गोदामातील मांडणी. कोणता तागा कोणत्या फळीवर आहे, याची नोंद तीच ठेवते. व्यापाऱ्याच्या कामाचे प्रकार चार.

फॅट३२: जुना प्रकार. सगळीकडे चालतो, पण ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल घेत नाही. आमची गाडी अडली ती येथेच.

एक्सफॅट: मोठ्या फाइली घेतो. विंडोज आणि मॅक दोन्ही वाचतात. लिनक्सच्या गाभ्यात २०१९ पासून त्याची सोय आहे. मात्र लिहिताना वीज गेली किंवा वायर ओढली गेली, तर मांडणी बिघडण्याचा धोका जास्त.

एनटीएफएस: विंडोजचा स्वतःचा प्रकार. लिनक्सवर वाचता-लिहिता येतो, पण बिघडल्यास खरी दुरुस्ती विंडोजवरच होते.

एक्स्ट४: लिनक्सचा नेहमीचा प्रकार. मांडणीतील बदल तो आधी जर्नलमध्ये, म्हणजे आपल्या रोजमेळात, टिपतो आणि मग करतो. त्यामुळे वीज गेली तरी मांडणी सहसा शाबूत राहते. उतरत असलेली फाइल मात्र अपुरी राहू शकते. फाइलीची मालकी आणि परवानगीही तो जपतो. उणीव एकच: साधे विंडोज त्याला वाचत नाही.

म्हणून आधी विचारावे, ही डिस्क कोठे लावणार? दुकानातच, लिनक्सवरच राहणार असेल तर एक्स्ट४ घ्यावा. इंदापूरच्या कर सल्लागाराकडे विंडोजवर न्यायची असेल तर एक्सफॅट. आम्ही दोन डिस्क ठेवल्या आहेत. खरी प्रत एक्स्ट४ वर बारामतीत, ने-आण करण्याची एक्सफॅटवर. एकीवरच भिस्त ठेवू नये.

लिनक्समधील 'डिस्क्स' या प्रोग्रॅममधून डिस्क तयार करता येते. पण फॉरमॅट केल्यावर जुने सारे पुसले जाते, म्हणून डिस्कचे नाव आणि आकार दोनदा पाहावा. एक्स्ट४ वर लिहिता येत नसेल, तर डिस्क बिघडली असे समजू नये. तिची मालकी आपल्या नावे करून घ्यावी. काम संपल्यावर 'इजेक्ट' करूनच वायर काढावी.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. शिवाय गिऱ्हाइकाची उधारी ही आपल्याजवळची अमानत आहे. तेव्हा व्यापारी व कारागीर बांधवांनी महिन्यातून एकदा डिस्कवरची एखादी जुनी फाइल उघडून पाहावी. जी प्रत उघडत नाही, ती असून नसल्यासारखीच.