निकट भाषेची अडचण : फ्रेंच भाषकांसाठी रचलेले इंग्रजीचे संदर्भग्रंथ

द्वैभाषिक संदर्भग्रंथाचे मूल्यमापन करताना त्यातील शब्दसंख्येकडे प्रथम लक्ष जाते. परंतु ग्रंथ कोणत्या भाषकासाठी रचला आहे आणि त्या भाषकाच्या कोणत्या चुकांची पूर्वकल्पना ग्रंथकाराने केली आहे, हा प्रश्न अधिक मूलगामी होय. फ्रेंच भाषकांसाठी सिद्ध झालेल्या इंग्रजीच्या संदर्भग्रंथांची परंपरा या दृष्टीने उद्बोधक आहे.

१५७२ मधील सेंट बार्थोलोम्यूच्या हत्याकांडानंतर अनेक फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासित इंग्लंडात आश्रयाला आले. अशा निर्वासितांसाठी जाक बेलो याने १५८० मध्ये ‘द इंग्लिश स्कूलमास्टर’ आणि १५८६ मध्ये ‘फॅमिलिअर डायलॉग्ज’ ही पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध केली. दुसऱ्या पुस्तकाची मांडणी तीन रकान्यांची आहे : इंग्रजी वाक्य, त्याचा फ्रेंच अर्थ आणि तेच इंग्रजी वाक्य फ्रेंच वाचकाला उच्चारता येईल अशा लेखनपद्धतीने. संभाषणे बाजारहाट, भोजन अशा नित्य व्यवहारांची आहेत. परक्या शहरात उदरनिर्वाह करू पाहणाऱ्यास छापील शब्द ओळखता येणे पुरेसे नव्हते; तो ऐकणाऱ्याला कळेल असा उच्चारता येणे निकडीचे होते. तिसरा रकाना या गरजेतून आला.

पुढील अडचण अधिक सूक्ष्म आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांची मोठी भर पडली. पण पुढे दोन्ही भाषांत त्यांपैकी अनेकांचे अर्थ भिन्न दिशांनी गेले. फ्रेंच ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचे दुकान, तर इंग्रजी ‘लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालय. फ्रेंच ‘सांसिब्ल’ म्हणजे संवेदनशील, तर इंग्रजी ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस. अनोळखी शब्दासाठी विद्यार्थी कोश उघडतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र तो पाहतच नाही. अशा शब्दांचा स्वतंत्र ग्रंथ कसलेर व दरोकिन्यी यांनी १९२८ मध्ये सिद्ध केला. त्याच्या शीर्षकातील ‘फोझामी’, म्हणजे ‘खोटे मित्र’, ही संज्ञा पुढे भाषाध्यापनात रूढ झाली.

विने व दार्बेल्ने यांच्या १९५८ च्या तौलनिक शैलीविषयक ग्रंथाने हा विचार शब्दाकडून वाक्यरचनेकडे नेला. नदी पोहून पार करण्याची क्रिया सांगताना इंग्रजीत ‘पोहणे’ हे मुख्य क्रियापद होते आणि ‘पार’ हा भाव एका लहान अव्ययाने व्यक्त होतो. फ्रेंचमध्ये, मराठीतील ‘पोहत नदी ओलांडली’ याप्रमाणेच, ‘ओलांडणे’ हे मुख्य क्रियापद राहते. येथे प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असूनही वाक्य परके वाटू शकते.

उच्चार, शब्दार्थ व वाक्यरचना या तिन्ही टप्प्यांवर ग्रंथकाराचे लक्ष भाषांतील साम्यामुळे होणाऱ्या फसगतीवर, अथवा मातृभाषेच्या सवयीवर केंद्रित झालेले दिसते. मराठीच्या संदर्भात हा मुद्दा दूरचा नाही. हिंदी भाषकास ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठी भाषकास दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. तमिळ भाषकाला मराठी शिकताना येणाऱ्या अडचणी निराळ्या असतील. म्हणून अमराठी भाषकांसाठी मराठीचा संदर्भग्रंथ रचताना सर्वांना एकच ग्रंथ पुरेल असे गृहीत धरणे योग्य ठरणार नाही. शिकणाऱ्याची मातृभाषा हाच त्या ग्रंथरचनेचा आरंभबिंदू असावयास हवा.