सावली आखूड असेल तर

माझ्या आईची चाळीस वर्षं शेतात गेली. तिच्या दंडावर ब्लाउजच्या बाहीखाली झाकलेली कातडी अजून मऊ आणि नितळ आहे. बाही संपते तिथून मनगटापर्यंत मात्र काळपट डाग आणि बारीक सुरकुत्यांचं जाळं. हात तोच, वयही तेच. मधली रेघ उन्हानं ओढली आहे.

चटका वेगळा, किरण वेगळे

अंगाला जाणवते ती उन्हाची उष्णता. कातडीचं खरं नुकसान करणारे अतिनील किरण दिसत नाहीत आणि जाणवतही नाहीत, म्हणून आपण फसतो. उंची हजार मीटरनं वाढली की हे किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. त्यामुळे महाबळेश्वरच्या गार वाऱ्यातही कातडी रापते. पातळ ढगांतूनही ते बरेचसे खाली उतरतात. आभाळ भरून आलंय म्हणून वारीत उघड्या डोक्यानं चालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

यातले यूव्हीबी किरण कातडी जाळतात. ती लाल होते, मग सोलवटते. यूव्हीए अधिक खोल जातात आणि काचेतूनही येतात. डाग आणि सुरकुत्यांमागे मुख्यतः तेच असतात. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्याचा खिडकीकडचा उजवा हात डाव्यापेक्षा काळवंडतो, तो यामुळेच.

सावलीचं घड्याळ

हवामानाच्या ॲपवर ‘यूव्ही इंडेक्स’ दिसतो. तो ३ किंवा त्याहून जास्त असेल तर जपायला हवं, ११च्या पुढे तर फारच. पण शेतात फोन कोण काढत बसणार? सोपी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण तीव्र आहेत.

सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये, अगदी डोक्यावर येतो. पुण्यात डिसेंबरातही भर दुपारी सावली उंचीपेक्षा थोडी आखूडच असते. आणि भर दुपार बाराला होत नाही. पुण्या-मुंबईकडे ती साडेबाराच्या सुमारास होते. जेवणाची सुट्टी थोडी लांबवून कामाचे दोन तास सकाळी लवकर घेता आले, तर त्यासारखं दुसरं औषध नाही.

आधी कापड

उन्हाळ कांद्याच्या काढणीला आलेल्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट चढवतात, बटणं गळ्यापर्यंत लावतात. याहून स्वस्त आणि भरवशाचा उपाय मला माहीत नाही. कापड उजेडाकडे धरून पाहावं. जितका उजेड आरपार दिसेल, तितके किरणही येणार. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड जास्त अडवतं. घामानं चिंब झालेलं पातळ सुती कापड कमी अडवतं. क्रिकेटच्या टोपीनं कपाळ झाकतं, पण कान आणि मान उघडी राहते. तिथे रुंद काठाची टोपी किंवा मानेवरून घेतलेला पंचा हवा.

सनस्क्रीन

कापड पोचत नाही तिथे क्रीम. एसपीएफ ३० यूव्हीबीपैकी साधारण ९७ टक्के अडवतं, ५० असेल तर ९८. म्हणजे मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. चेहरा आणि मानेला तर्जनी आणि मधलं बोट भरून क्रीम लागतं, आणि दर दोन तासांनी, घाम पुसला की पुन्हा. ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं घ्यावं, म्हणजे यूव्हीएपासूनही बचाव होतो.

सावळ्या कातडीचं काय?

मेलॅनिनमुळे आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गोऱ्यांपेक्षा बराच कमी होतो, हे खरं. पण उन्हानं गालांवरचे वांग वाढतात आणि डोळ्यांत मोतीबिंदूचा धोकाही वाढतो. रापलेल्या चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाणं तर कळकळीनं थांबवावंसं वाटतं: लिंबाच्या रसातली द्रव्यं उन्हाशी मिळून कातडी भाजतात, फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

अधिक कोणी जपावं

सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीम नको, सावली द्यावी. कोड असलेल्यांच्या पांढऱ्या डागांत मेलॅनिनच नसतं, ते डाग लवकर भाजतात. डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या चालू असताना ऊन पटकन बाधतं. आणि तीळ मोठा होत असेल, रंग बदलत असेल किंवा एखादी जखम महिनाभरात भरत नसेल, तर घरगुती लेप न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी.