हाडाला नुसतं कॅल्शियम पुरत नाही
शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, म्हणून सगळं श्रेय त्यालाच मिळतं. पण हाड म्हणजे कोलॅजेनच्या धाग्यांवर बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक. हे धागे एकमेकांत घट्ट गुंफणारं विकर तांब्याशिवाय चालत नाही. तांबं फारच कमी पडलं तर कॅल्शियम असूनही हाड कमकुवत राहतं. जस्त, मॅग्नेशियमही लागतंच.

आपली नाचणी इथे मला फार मोलाची वाटते. १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम! तिच्यातलं फायटेट ते अडवून धरतं, पण मोड आणले की फायटेट घटतं. बाळासाठी नाचणीसत्त्व करणारी आजी नेमकं हेच करत आली.

फ्लोराइडचं मात्र उलट: ते कमी पडून नव्हे, जास्त होऊन हाडांना नडतं. बोअरच्या पाण्यातून ते वर्षानुवर्षं जास्त गेलं, तर सांधे आखडतात, पाठ ताठरते. यवतमाळ, चंद्रपूरमधल्या काही गावांनी हे सोसलं आहे.